पोट शिवण्यापूर्वी हातमोजे आणि अवजारे बदलण्याचा नियम करा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रियेतून रुग्ण वाचला की नातेवाइकांच्या आणि डॉक्टरांच्याही मनावरचे मोठे ओझे उतरते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु अपेंडिक्स फुटणे, जठराला किंवा आतड्याला छिद्र पडणे, पीळ बसून आतडे काळे पडणे, अपघातात पोटाला मार लागणे अशा कारणांनी ज्यांचे पोट रात्री-अपरात्री उघडावे लागते, त्यांच्यापैकी अनेकांच्या हालांना चौथ्या-पाचव्या दिवसानंतर सुरुवात होते. टाक्यांच्या कडा लाल होतात, ताप चढतो, जखमेतून पू येऊ लागतो आणि मग टाके काढून जखम उघडी ठेवावी लागते. रोजचे ड्रेसिंग, वाढलेला मुक्काम, बुडालेली मजुरी, पुढे त्याच जागी होणारा हर्निया आणि काहींच्या बाबतीत रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाने मृत्यू, इथपर्यंत ही गोष्ट जाऊ शकते. आपल्याकडे याचे वर्णन 'ऑपरेशन चांगले झाले, पण टाके पिकले' असे केले जाते, जणू टाके पिकणे हा नशिबाचा भाग आहे. शासकीय रुग्णालयांच्या शस्त्रक्रियागृहांत आधी अधिपरिचारिका आणि पुढे परिसेविका म्हणून माझी सारी नोकरी झाली. त्या अनुभवाच्या आणि आता उपलब्ध असलेल्या संशोधनाच्या आधारे मला असे ठामपणे वाटते की यातले काही टाके पिकणे निश्चितच टाळता येईल, आणि त्यासाठी लागणारी सर्वांत परिणामकारक गोष्ट आपल्या कोणत्याही उपजिल्हा रुग्णालयाला परवडणारी आहे.

आधी या प्रश्नाचा आकार सांगते. पचनसंस्थेच्या शस्त्रक्रिया झालेल्या १२,५३९ रुग्णांची ६६ देशांतून गोळा केलेली माहिती २०१८ साली प्रसिद्ध झाली. मानवी विकास निर्देशांकात वरच्या गटातील देशांत जखमेच्या जंतुसंसर्गाचे प्रमाण ९.४ टक्के, मधल्या गटात १४ टक्के आणि खालच्या गटात २३.२ टक्के होते. नियोजित आणि तातडीच्या शस्त्रक्रिया यात एकत्र होत्या. केवळ तातडीने पोट उघडण्याचा विचार केला तर श्रीमंत देशांचीही स्थिती अवघड आहे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील ८४० रुग्णांवर झालेल्या अलीकडच्या एका चाचणीत अशा शस्त्रक्रियांनंतर सुमारे २८ टक्के रुग्णांच्या जखमेत संसर्ग आढळला. म्हणजे ही केवळ गरीब रुग्णालयांची किंवा निष्काळजी कर्मचाऱ्यांची समस्या नाही. तातडीच्या शस्त्रक्रियेचे स्वरूपच तसे आहे, आणि म्हणूनच तिच्यासाठी वेगळी शिस्त लागते.

नियोजित शस्त्रक्रियेत रुग्ण आंघोळ करून, उपाशीपोटी, रक्तातील साखर आटोक्यात आणून टेबलावर येतो. तातडीच्या शस्त्रक्रियेत मात्र तो दोन दिवस गावात अंगावर दुखणे काढून, शरीरातले पाणी आटलेल्या अवस्थेत येतो आणि त्याच्या पोटात आधीच पू किंवा मळ पसरलेला असतो. शल्यचिकित्सक ते सारे हाताने आणि अवजारांनी साफ करतात. चिमटे, सक्शनची नळी, हातमोजे, टेबलावरच्या चादरी या सर्वांना त्या दूषित द्रवाचा स्पर्श झालेला असतो. मग आतडे दुरुस्त होते, पोट सलाईनने धुतले जाते आणि त्याच हातमोज्यांनी, त्याच नीडल होल्डरने (सुई धरण्याच्या चिमट्याने) पोटाचे थर शिवायला घेतले जातात. त्वचेखालच्या चरबीला रक्तपुरवठा कमी असतो. एकदा जंतू तिथे पोचले की शरीराच्या संरक्षक पेशी आणि शिरेतून दिलेले प्रतिजैविक दोन्ही तिथवर पुरेसे पोचत नाहीत. जखम पिकण्याची सुरुवात पुष्कळदा या शेवटच्या वीस मिनिटांत झालेली असते.

या शेवटच्या टप्प्यासंबंधी एक मोठी आणि नेमकी आपल्यासारख्या रुग्णालयांत झालेली चाचणी २०२२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. 'चीता' या नावाने ती ओळखली जाते. भारत, बेनिन, घाना, मेक्सिको, नायजेरिया, र्‍वांडा आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांतील ८१ रुग्णालये आणि १३,३०१ रुग्ण तिच्यात सहभागी होते आणि त्यांत तातडीच्या तसेच नियोजित अशा दोन्ही प्रकारच्या शस्त्रक्रिया होत्या. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णालयांचे दोन गट केले गेले. एका गटाने आपली नेहमीची पद्धत चालू ठेवली. दुसऱ्या गटात पोट शिवायला घेण्यापूर्वी शस्त्रक्रियेतील सर्वांनी निर्जंतुक हातमोजे बदलले आणि शिवण्यासाठी स्वच्छ, निर्जंतुक अवजारे वापरली. नेहमीच्या पद्धतीत ३० दिवसांच्या आत १८.९ टक्के रुग्णांना जखमेचा संसर्ग झाला, तर हातमोजे आणि अवजारे बदलणाऱ्या गटात १६ टक्के रुग्णांना. शंभर शस्त्रक्रियांमागे जवळजवळ तीन रुग्ण जखमेच्या संसर्गापासून वाचले, आणि वाचले ते नव्या औषधाने किंवा नव्या यंत्राने नव्हे.

या चाचणीतील आणखी एका आकड्याकडे मला वाचकांचे आणि विशेषतः आरोग्य खात्याचे लक्ष वेधायचे आहे. नेहमीच्या पद्धतीच्या गटात ७,१५७ रुग्णांपैकी अवघ्या ५८ जणांच्या बाबतीत हातमोजे आणि अवजारे बदलली गेली होती, म्हणजे एक टक्काही नाही. दुसऱ्या गटात हेच प्रमाण ९८ टक्क्यांहून अधिक होते. जे एरवी कोणी करत नव्हते, ते नियम ठरवून दिल्यावर रात्रीच्या पाळीत, अपुऱ्या मनुष्यबळात, करोनाच्या काळातसुद्धा जवळजवळ प्रत्येक शस्त्रक्रियेत झाले. 'आपल्याकडे हे जमणार नाही' असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर माझ्याकडे नाही.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियागृहात हे कसे करता येईल, हे थोडे तपशिलाने लिहिते, कारण चांगले नियम नेहमी तपशिलातच अडतात. पोट बंद करण्यापूर्वी मॉप (रक्त टिपण्याची कापडे), सुया आणि अवजारे मोजण्याचा प्रघात सर्वत्र आहे. मॉप आत राहू नये म्हणून ही मोजणी डोळ्यांत तेल घालून केली जाते आणि ती पुरी होईपर्यंत शल्यचिकित्सकांना थांबावेच लागते. हातमोजे बदलण्याची हीच योग्य वेळ आहे. मोजणी जुळली की वापरलेली अवजारे असलेली ट्रॉली बाजूला करावी, शल्यचिकित्सक, सहायक आणि स्क्रब झालेली (हात निर्जंतुक करून अवजारे देणारी) परिचारिका या सर्वांनी हातमोजे बदलावेत, जखमेभोवती कोरड्या निर्जंतुक चादरी अंथराव्यात आणि पोट शिवण्याचा वेगळा छोटा सेट उघडावा. दोन नीडल होल्डर, दातेरी आणि साधा चिमटा, काही आर्टरी फोर्सेप्स, कात्री, रिट्रॅक्टर आणि सक्शनचे नवे टोक एवढ्यावर हे काम भागते. सरावलेल्या पथकाला त्यासाठी पाच मिनिटेही लागत नाहीत. जिथे दुसरा सेट नसेल, तिथे शस्त्रक्रियेच्या सुरुवातीलाच ही मोजकी अवजारे वेगळी काढून निर्जंतुक टॉवेलखाली झाकून ठेवता येतात आणि शिवायला घेईपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही, एवढे पथ्य पाळावे लागते.

खर्च म्हणाल तर तीन-चार जोड्या हातमोजे आणि एका छोट्या सेटचे निर्जंतुकीकरण एवढाच. पिकलेल्या जखमेसाठी लागणारे एका आठवड्याचे ड्रेसिंगचे साहित्य आणि प्रतिजैविके याहून कितीतरी महाग पडतात, शिवाय तेवढे दिवस खाट अडते ती वेगळीच. खरी अडचण सेटच्या संख्येची आहे. एका रात्रीत दोन सिझेरियन आणि एक फुटलेले अपेंडिक्स आले की लहान रुग्णालयात अवजारांची ओढाताण होते आणि ऑटोक्लेव्हवर (वाफेने अवजारे निर्जंतुक करणाऱ्या यंत्रावर) घाईचा भार पडतो. म्हणून शासनाने नुसते परिपत्रक काढून थांबू नये. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया होणाऱ्या प्रत्येक शासकीय रुग्णालयाला असे पुरेसे छोटे सेट स्वतंत्रपणे पुरवावेत आणि त्यांची नोंद साठा वहीत वेगळ्या शीर्षकाखाली ठेवावी, म्हणजे ते इतरत्र वळवले जाणार नाहीत.

ऑटोक्लेव्हचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दल दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. गुंडाळलेल्या अवजारांच्या गठ्ठ्यावर चिकटवलेली पट्टी काळी पडली म्हणजे आतले सामान निर्जंतुक झाले, अशी समजूत अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. ती पट्टी एवढेच सांगते की गठ्ठा उष्णतेतून गेला आहे. वाफ आतल्या अवजारांपर्यंत ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ पोचली का, हे कळण्यासाठी गठ्ठ्याच्या आत रासायनिक निर्देशक ठेवावा लागतो आणि बीजाणूंची (उष्णतेला सहजी न मरणाऱ्या जंतूंची) चाचणी किमान आठवड्यातून एकदा करावी लागते. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये गुंडाळलेल्या अवजारांना १२१ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे लागतात आणि ही मिनिटे तापमान गाठल्यापासून मोजायची असतात. सामान ठेवायचा ड्रम ठासून भरला तर वाफ मधे शिरत नाही. ओला निघालेला गठ्ठा निर्जंतुक मानता येत नाही. हे सारे प्रशिक्षणात शिकवले जाते, परंतु रात्री दोन वाजता पुढचा रुग्ण टेबलावर असताना ते पाळले जावे यासाठी जास्तीचे सेट आणि यंत्राजवळ प्रशिक्षित माणूस असावा लागतो. पोट शिवण्यासाठी उघडलेला सेटच अर्धवट निर्जंतुक असेल, तर तो बदलण्याचे सारे श्रम वाया जातील.

दुसरी अडचण अधिकाराची आहे आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. तीन तास चाललेल्या शस्त्रक्रियेनंतर थकलेल्या वरिष्ठ शल्यचिकित्सकांना 'सर, हातमोजे बदलूया' असे सांगणे नव्याने रुजू झालेल्या अधिपरिचारिकेला सोपे नसते. चांगले शल्यचिकित्सक ते आनंदाने ऐकतात, असा माझा अनुभव आहे, परंतु रुग्णाची सुरक्षितता समोरच्या माणसाच्या स्वभावावर अवलंबून राहू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी तपासणीसूची तयार केली. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. आपल्या अनेक रुग्णालयांत ती सूची केसपेपरला जोडलेली असते. तिच्यात पोट बंद करण्यापूर्वीचा एक थांबा वाढवावा आणि 'हातमोजे बदलले, अवजारे बदलली' ही नोंद परिचारिकेच्या सहीने व्हावी. ही नोंद झाल्याशिवाय पोट शिवण्याचा धागा हाती द्यायचा नाही, असा लेखी नियम असला म्हणजे कोणालाही धाडस गोळा करावे लागणार नाही.

पोट उघडण्यापूर्वीच्या काही गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. प्रतिजैविकाचा डोस त्वचेवर छेद घेण्यापूर्वीच्या दोन तासांत मिळालेला असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि पोटात आधीच पू असलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर निदान होताच उपचार म्हणून ते सुरू करावे लागते. आपल्याकडे रुग्ण ग्रामीण रुग्णालयातून जिल्हा रुग्णालयात येतो तेव्हा पहिले इंजेक्शन कधी दिले याची वेळ संदर्भ चिठ्ठीवर बहुधा नसते. डोस मिळाला आहे असे गृहीत धरले जाते आणि छेद घेईपर्यंत त्याचा प्रभाव ओसरलेला असतो. चिठ्ठीवर औषधाचे नाव आणि वेळ लिहिण्याला काहीही खर्च येत नाही. पोटावरचे केस वस्तऱ्याने किंवा ब्लेडने काढण्याची जुनी सवयही आता पूर्णपणे सोडायला हवी, कारण ब्लेडच्या बारीक जखमांत जंतू वाढतात. केस तसेच ठेवावेत किंवा अगदीच गरज असेल तर क्लिपरने कापावेत. आणि रुग्णाला ऊब हवी. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या, मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांवरील अभ्यासात ज्यांचे शरीर थंड पडू दिले त्यांच्यापैकी १९ टक्के जणांना आणि ज्यांना उबदार ठेवले त्यांच्यापैकी ६ टक्के जणांना जखमेचा संसर्ग झाला होता. वातानुकूलित खोलीत उघड्या पोटाने दोन-तीन तास पडलेल्या रुग्णाचे पोट थंडगार सलाईनने धुवू नये, एवढे तरी कोणत्याही रुग्णालयाला जमण्यासारखे आहे.

ज्यांच्यावर पैसा खर्च करण्याची घाई नको, अशाही गोष्टी आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत, कारण भीतीपोटी नातेवाईक कर्ज काढून त्या विकत आणतात. 'चीता' चाचणीच्याच सात देशांत ५,७८८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या 'फाल्कन' चाचणीत जंतुनाशकाचा लेप असलेले महागडे धागे साध्या धाग्यांहून सरस ठरले नाहीत आणि त्वचा निर्जंतुक करण्यासाठी अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिन हे नेहमीच्या पोव्हिडोन आयोडिनपेक्षा अधिक उपयोगी असल्याचेही दिसले नाही. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील ज्या चाचणीचा उल्लेख मी वर केला, ती तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर शिवलेल्या जखमेवर लावायच्या व्हॅक्यूम ड्रेसिंगची (जखमेतील पाणी शोषून घेणाऱ्या पट्टीची) होती आणि साध्या ड्रेसिंगच्या तुलनेत त्याचा लाभ आढळला नाही. उघड्या, मोठ्या जखमेसाठी व्हॅक्यूम ड्रेसिंगचा उपयोग ही वेगळी बाब आहे. तसेच दहा-दहा दिवस प्रतिजैविके चालू ठेवल्याने जखम सुरक्षित राहते, हा समज डॉक्टरांमध्येही आहे. पोटातील संसर्गाचे मूळ शस्त्रक्रियेने दूर केल्यावर चार दिवसांचा औषधोपचार आठ दिवसांच्या उपचाराइतकाच परिणामकारक असल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ५१८ रुग्णांवरील चाचणीत दिसले होते. औषधांना दाद न देणारे जंतू आपल्या वॉर्डांत वाढत असताना ही माहिती अमलात आणणे अगत्याचे आहे.

आता शस्त्रक्रियेनंतरच्या काळाविषयी. आपल्या बहुतेक रुग्णालयांना आपल्याकडे किती जखमा पिकतात हे ठाऊक नसते, कारण त्या रुग्ण घरी गेल्यावर पिकतात. शस्त्रक्रियेपासून ३० दिवसांपर्यंतचा जखमेचा संसर्ग मोजावा, अशी जगभर रूढ पद्धत आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलसह देशातील तीन मोठ्या रुग्णालयांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने तीन हजारांहून अधिक रुग्णांचा जो पाठपुरावा झाला, त्यात संसर्गाची सुमारे दोन तृतीयांश प्रकरणे रुग्णालयातून सुटी मिळाल्यानंतरच उघडकीस आली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत सुटीनंतरच्या दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावा समाविष्ट आहे. अकराव्या दिवशी पू दिसला तर सांगली किंवा नंदुरबारच्या एखाद्या वाडीवरचा रुग्ण ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तिथे न जाता गावातल्या दवाखान्यात जातो, तिथे स्वखर्चाने इंजेक्शने घेतो, आणि मूळ रुग्णालयाच्या वहीत तो 'बरा होऊन गेलेला' म्हणून नोंदलेला राहतो.

हे बदलण्यासाठी फार मोठी यंत्रणा उभारावी लागणार नाही. सुटीच्या कागदावर मराठीत ठळकपणे लिहावे की जखमेभोवती लाली किंवा सूज वाढणे, पू किंवा दुर्गंधीयुक्त पाणी येणे, दुखणे कमी होण्याऐवजी वाढणे, ताप येणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात यावे, आणि टाक्यांतून अचानक भरपूर गुलाबी पाणी आले तर आतले टाके सुटल्याची शक्यता असल्याने वाट न पाहता निघावे. सातव्या, चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी वॉर्डातून फोन जावा. गावातील आशा ताईंना जखम पाहून फोटो पाठवण्याचे काम मानधनासह द्यावे. एडिंबरो येथे पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रियेच्या ४९२ रुग्णांवर असा प्रयोग झाला आहे. ज्यांनी मोबाइलवरून जखमेचे फोटो आणि माहिती पाठवली, त्यांच्यातील संसर्गाचे निदान पहिल्या सात दिवसांत होण्याची शक्यता अधिक होती. आपल्या खेड्यापाड्यांत आज घरटी नाही तरी वस्तीत एक तरी स्मार्टफोन असतोच.

माझी मागणी सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहे, तशीच वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आणि जनआरोग्य योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीकडेही आहे. पोटाची दूषित शस्त्रक्रिया जिथे जिथे होते त्या प्रत्येक शासकीय आणि योजनेतील खासगी रुग्णालयात पोट शिवण्यापूर्वी हातमोजे आणि अवजारे बदलणे बंधनकारक करावे, त्यासाठीचे सेट द्यावेत, योजनेतील पाठपुराव्याचा काळ दहा दिवसांवरून ३० दिवसांवर न्यावा आणि तिसाव्या दिवसापर्यंतच्या जखमांची मोजणी सुरू करावी. स्वच्छता आणि संसर्ग नियंत्रणासाठी २०१५ पासून 'कायाकल्प' कार्यक्रमाखाली रुग्णालयांना गुण दिले जातात. त्या गुणांकनात ही मोजणी केली की नाही याला स्थान मिळावे. संसर्ग किती निघाला यावर मात्र पहिली दोन-तीन वर्षे गुण किंवा कारवाई ठेवू नये. जे रुग्णालय प्रामाणिकपणे फोन करून विचारेल, त्याचा आकडा सुरुवातीला शेजारच्या न मोजणाऱ्या रुग्णालयापेक्षा वाढलेलाच दिसेल, आणि त्याबद्दल तिथल्या परिचारिकांना किंवा डॉक्टरांना कारणे दाखवा नोटीस गेली, तर पुढच्या महिन्यापासून वहीत एकही पिकलेली जखम सापडणार नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त परिसेविका,
सातारा जिल्हा